रिकाम्या काट्यावरचे चाळीस ग्रॅम

जूनचा शेवटचा आठवडा. समुद्रातली मासेमारी बंद, त्यामुळे मालवणच्या एक काकी सुक्या मासळीवर धंदा रेटत होत्या. एसटीने कुडाळला येऊन त्यांनी पिशवीतून इलेक्ट्रॉनिक वजनकाटा काढला, आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "झिला, ह्यो काटो माका लबाड ठरवता." सकाळी सुरू केला की शून्य. पावसाची सर आली की तासाभरात रिकाम्या ताटलीवर चाळीस ग्रॅम. सुक्या बांगड्यात चाळीस ग्रॅम खपून जातात. सोड्यांत गिऱ्हाईक भांडतं, आणि बरोबरच भांडतं.

काटा उघडला. (काट्याचं सील कुणीही उठून तोडायचं नसतं. त्याला परवाना लागतो आणि दुरुस्तीनंतर वैधमापन विभागाचा शिक्का पुन्हा मारून घ्यावा लागतो. आमच्या दुकानाकडे परवाना आहे.) आत लोडसेलच्या (वजनाचा दाब विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाच्या) चार वायरी जिथे बोर्डला येतात, तिथला कनेक्टर आधी कुणीतरी सोल्डर केलेला, म्हणजे वितळलेल्या कथील-शिशाने जोडलेला होता. काम वाईट नव्हतं. पण चार पायांच्या मधल्या जागेत पिवळसर चिकट थर होता, त्याला धूळ लागलेली, आणि त्यात एक मुंगी कायमची अडकलेली. सोल्डर नीट धरावं म्हणून जे लावतात त्या फ्लक्सचा थर.

मी टूथब्रश घेतला, आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) बुडवला, खसाखसा घासलं, फुंकर मारली. बोर्ड चमकला. आठ दिवसांनी काकी परत आल्या. आता रिकाम्या ताटलीवर साठ ग्रॅम येत होते.

म्हणजे साफ केल्यावर काटा आणखी बिघडला. असं का झालं ते समजून घ्यायचं तर आधी फ्लक्स कशासाठी असतो ते बघावं लागेल.

कल्हईवाल्याचा नवसागर

कल्हईवाला ज्यांनी पाहिलाय त्यांना फ्लक्स समजावून सांगायची गरज नाही. पितळेचं पातेलं भट्टीवर लालसर तापलं की तो कथील लावायच्या आधी नवसागराची चिमूट टाकतो. भस्सकन पांढरा धूर उठतो, कापसाचा बोळा फिरतो आणि काळवंडलेला धातू एका क्षणात उजळतो. त्या क्षणातच कथलाची कांडी टेकवायची. मग कथील पाण्यासारखं पसरतं. नवसागर टाकला नाही तर तेच कथील गोळ्या होऊन पातेल्यात इकडून तिकडे घरंगळतं.

कारण सरळ आहे. तांब्या-पितळेवर हवेमुळे ऑक्साइडचा पातळ थर चढलेला असतो आणि तापवल्यावर तो आणखी वेगाने चढतो. वितळलेलं कथील धातूला धरतं, ऑक्साइडला धरत नाही. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि तो ऑक्साइड खाऊन टाकतो. सोनार टाकणखार लावतो तोही याचसाठी. सर्किट बोर्डवर हेच काम फ्लक्स करतो. फक्त इथे नवसागर चालत नाही, कारण कल्हईवाला शेवटी अख्खं पातेलं पाण्यात बुडवतो. त्याची चर्र होणारी बुचकळी म्हणजे फ्लक्स धुणंच झालं. रेडिओ, टीव्ही, काटा असा बुचकळत नाहीत.

म्हणून इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी राळ पकडली. चिडाच्या झाडाचा चीक तापवून त्यातलं टर्पेंटाइन उडवलं की मागे उरते ती राळ, व्हायोलिनच्या गजाला घासतात तीच. राळेत आम्लं असतात, मुख्य म्हणजे ॲबिएटिक ॲसिड, पण थंड असताना ती काचेसारख्या घट्ट खड्यात बंद राहतात. सोल्डरच्या उष्णतेने राळ वितळली की आम्ल मोकळं होतं आणि ऑक्साइड खातं. थंड झाली की पुन्हा कुलूपबंद. कामापुरतं जागं होऊन काम झालं की झोपणारा असा गडी दुसरा मिळणं कठीण.

अडचण एकच: नुसती राळ मवाळ असते. जरा काळवंडलेला पाय असला की तिचं चालत नाही. म्हणून तिच्यात तिखट घालतात, ज्याला ॲक्टिव्हेटर म्हणतात. कधी सेंद्रिय आम्लं, कधी क्लोराइड-ब्रोमाइडसारखे हॅलाइड. फ्लक्सच्या ट्यूबवर 'आरओएल०' असं काहीतरी छापलेलं असतं, ते हेच सांगतं. 'आरओ' म्हणजे राळेचा, 'एल' म्हणजे तिखट कमी, शेवटचं शून्य म्हणजे हॅलाइड जवळपास नाही. 'एल'च्या जागी 'एम' किंवा 'एच' आलं की तिखट वाढलं. सुरुवातीला 'आयएन' असेल तर तो नवसागर-झिंक क्लोराइडच्या घराण्यातला, म्हणजे पत्रा, नळ आणि रेडिएटर झाळण्यासाठी. तो बोर्डच्या आसपासही आणू नये. नाव-गाव नसलेल्या डबीतल्या पिवळ्या पेस्टमध्ये काय आहे हे डबीवर लिहिलेलं नसतं, म्हणून मी ती वापरणं सोडलंय. ती वास चांगला देते आणि सोल्डर लोण्यासारखं बसवते. सहा महिन्यांनी तेच काम परत येतं.

'नो-क्लीन' हे नाव कुठून आलं

एकेकाळी कारखान्यात प्रत्येक बोर्ड धुतला जायचा आणि धुण्यासाठी एक जादूचं द्रावण होतं: सीएफसी-११३. पेट घेत नाही, प्लॅस्टिकला इजा करत नाही, क्षणात वाळतं. मग कळलं की सीएफसी वरती जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि १९९६ पासून विकसित देशांत या रसायनांचं उत्पादन जवळपास थांबलं. धुण्याचं साधनच गेल्यावर उद्योगाने उलटा विचार केला: धुवावंच लागणार नाही असा फ्लक्स करू. तेव्हापासून नो-क्लीन फ्लक्स सगळीकडे पसरला. तुमच्या हातातला फोन बहुधा त्यानेच जोडलेला आहे आणि त्यावरचा पारदर्शक, कडक, बारीक थर तसाच ठेवलेला आहे. ठेवायलाच हवा. कारखान्याचा थर चांगला असेल तर उगाच 'साफ' करायला जाऊ नये.

पण नो-क्लीनच्या वचनाला एक अट आहे आणि दुरुस्तीच्या टेबलावर नेमकी तीच मोडते. कारखान्यात अख्खा बोर्ड भट्टीतून जातो. फ्लक्सचा कण अन् कण ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ राहतो, त्यातलं तिखट जळून किंवा उडून जातं, उरलेलं राळेत बंद होतं. आपण काय करतो? सिरिंजमधून भरपूर जेल पिळतो आणि बिटाने, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या तापत्या टोकाने, दोन मिलिमीटरचा एक जोड तापवतो. जोडापाशी फ्लक्स शिजतो. पाच मिलिमीटरवर तो नुसता कोमट होतो, पातळ होतो आणि शेजारच्या आयसीखाली, म्हणजे चिपखाली पळतो. तिथे तो कच्चाच राहतो. कच्चा नो-क्लीन हा नो-क्लीन नव्हेच.

मीठ, दव आणि व्होल्टेज

उरलेल्या फ्लक्सने बिघडतं काय? पहिली गोष्ट गळती. बोर्डवर दोन पायांच्या मधली जागा कोरी असली पाहिजे, म्हणजे तिथून वीज जाता कामा नये. तिथे फ्लक्समधले क्षार असले आणि हवेत ओल असली की क्षार पाणी ओढून घेतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत मीठ ओलं होतं तसंच. आणि ओलं मीठ वीज वाहतं. थोडीच, पण वाहतं.

'थोडीच' म्हणजे किती, हे काकींच्या काट्यावर मोजून बघू. लोडसेल म्हणजे चार रोधांचा पूल, साधारण ३५० ओमचा. त्याला ५ व्होल्ट दिले की पूर्ण वजनाला तो ढोबळमानाने १० मिलिव्होल्ट देतो. काटा ३० किलोचा. म्हणजे एका ग्रॅमच्या वाट्याला एका मायक्रोव्होल्टचा तिसरा हिस्सा. आता कनेक्टरवर ५ व्होल्टचा पाय आणि सिग्नलचा पाय शेजारी शेजारी, मध्ये अडीच मिलिमीटर, आणि त्या अडीच मिलिमीटरमध्ये ओला फ्लक्स. सिग्नलचा पाय अडीच व्होल्टच्या आसपास असतो. मधला फ्लक्स समजा १ मेगाओमचा झाला, तर अडीच मायक्रोअँपिअर गळतील. पुलाच्या त्या टोकाचा रोध १७५ ओम, म्हणजे सिग्नलमध्ये ०.४४ मिलिव्होल्टची भर. वजनात सांगायचं तर एक किलो तीनशे ग्रॅम. रोध १० मेगाओम असेल तर १३० ग्रॅम. १०० मेगाओम असेल तरी १३ ग्रॅम.

काकींचे चाळीस ग्रॅम म्हणजे साधारण ३३ मेगाओम.

हा आकडा नीट बघा, कारण आपल्याकडचा साधा मल्टिमीटर तिथे पोचतच नाही. बऱ्याच मीटरची मर्यादा २० मेगाओमला संपते. स्वस्तातल्यांची २ मेगाओमलाच. पुढे सगळं 'ओपन'. मीटर ओपन दाखवतोय म्हणजे बोर्ड स्वच्छ आहे हा समज इथेच कोसळतो. फ्लक्सची परीक्षा घेणारे लोक ओल्या, उष्ण पेटीत सात दिवस बोर्ड ठेवून पृष्ठभागाचा रोध १०० मेगाओमच्या खाली जातो का ते पाहतात, ते उगाच नाही. आणि ही गळती कायम सारखी असती तरी एक वेळ चाललं असतं, कारण काटा सुरू होताना शून्य धरून घेतोच. ती पावसाबरोबर बदलते, हे खरं दुखणं. सकाळी कोरडं असताना धरलेलं शून्य दुपारी शून्य राहत नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. ओल, क्षार आणि व्होल्टेज ही तिन्ही एकत्र बराच वेळ राहिली की धातूच चालू लागतो. प्लस बाजूच्या पायातलं कथील, तांबं किंवा चांदी त्या पाण्याच्या पातळ थरात विरघळते, आयन होऊन मायनस बाजूला जाते, तिथे पुन्हा धातू होऊन चिकटते आणि तिथून नेच्याच्या पानासारखी नक्षीदार फांदी प्लसकडे वाढत जाते. भिंगाखाली ती इतकी सुंदर दिसते की पुसवत नाही. फांदी दुसऱ्या टोकाला टेकली की शॉर्ट. पुष्कळदा त्या शॉर्टच्या करंटनेच ती केसासारखी फांदी जळून जाते आणि बिघाड गायब होतो. 'दुकानात आणला की बरा चालतो, घरी नेला की बंद' या जातीच्या तक्रारींमागे निदान काही वेळा हीच फांदी असते. कोकणात ओल काढून टाकता येत नाही. व्होल्टेज काढलं तर यंत्र बंदच पडेल. तिघांतले क्षारच तेवढे आपल्या हातात.

तिसरी म्हणजे गंज. शिशाच्या सोल्डरवर क्लोराइड राहिला तर तो शिशाचं क्लोराइड करतो. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड त्याचं कार्बोनेट करतात आणि आम्ल पुन्हा मोकळं सुटतं, पुढचं शिसं खायला. म्हणजे क्लोराइड खर्च होतच नाही; व्याज घेऊन मुद्दल तसंच ठेवणाऱ्या सावकारासारखा बसून राहतो. एक बारीक गंमत सांगतो: जुन्या रेडिओत तांब्यावर दिसणारं सगळंच हिरवं गंजाचं नसतं. राळ आणि तांबं मिळून एक हिरवं संयुग होतं, ते निरुपद्रवी असतं. राळेच्या आत बंद, काचेसारखा पारदर्शक हिरवा दिसला तर घाबरू नका. भुकटीसारखा, खरवडला की पावडर पडणारा निळसर हिरवा दिसला तर खाली ट्रॅक शिल्लक आहे का ते आधी पाहा.

विरघळवणं म्हणजे साफ करणं नव्हे

आता माझी चूक. राळ आयपीएत मस्त विरघळते. पण फ्लक्समध्ये नुसती राळ नसते, क्षारही असतात. राळ पाण्यात विरघळत नाही आणि मीठ कोरड्या अल्कोहोलमध्ये धड विरघळत नाही. मी ब्रशने घासलं तेव्हा राळ विरघळली, तिचं कुलूप उघडलं आणि आतले क्षार मोकळे झाले. आयपीए मिनिटभरात उडून गेलं. राळ आणि क्षार कुठे जाणार? बोर्डवरच. आधी ते चार पायांत होते, आता पातळ थर होऊन ॲम्प्लिफायरच्या आयसीपर्यंत पसरले. चमक दिसली ती पसरलेल्या राळेची होती. वाळल्यावर कडेला जी पांढरी साय येते, जिला सगळे 'आयपीए पांढरं पडलं' म्हणतात, ते उघडे पडलेले क्षार आणि अर्धवट उरलेली राळ.

पलंगपोसावर चहा सांडला तर आपण ओल्या फडक्याने तो चारी बाजूंना घासत नाही; टिपून घेतो. बोर्डचंही तेच आहे. द्रावण फक्त हमाल आहे. माल उचलून त्याला बोर्डबाहेर नेऊन टाकायला लावलं तरच उपयोग.

मी आता असं करतो. बॅटरी काढतो, बोर्ड तिरपा धरतो, एक कोपरा खाली. धागे न सुटणाऱ्या कापडाचा दोन बोटं रुंद तुकडा त्या जागेवर सपाट पसरतो. टिश्यूही चालतो, पण पायांत अडकून फाटतो आणि लिंट काढण्यात दुप्पट वेळ जातो. कापडावरून आयपीए सोडायचं, ते भिजून बोर्डला चिकटेपर्यंत. मग ताठ केसांचा ब्रश कापडाच्या वरून फिरवायचा. केसांची टोकं कापडातून खाली पायांत शिरतात, राळ सुटते आणि सुटल्या सुटल्या कापडात शोषली जाते. कापड ओलं असतानाच उचलायचं. वाळू दिलं तर घेतलेला माल परत ठेवून जातं. पहिल्या तुकड्यावर चहाच्या रंगाचा डाग येतो, दुसऱ्यावर फिका, तिसऱ्यावर बहुधा काही नाही. डाग येईपर्यंत तुकडे बदलत राहायचे. त्यानंतर ताजं आयपीए वरून ओतून खालच्या कोपऱ्यातून वाहू द्यायचं आणि तो थेंब कापडाने टिपायचा.

क्षार फार असतील, किंवा आधी कुणी माझ्यासारखा ब्रश फिरवून गेला असेल, तर शेवटचा हात आयपीए आणि डिस्टिल्ड पाणी यांच्या मिश्रणाचा. बोर्डवर किती क्षार आहेत हे मोजायची जी जुनी चाचणी आहे तिच्यातही ७५ टक्के आयपीए आणि २५ टक्के शुद्ध पाणी असंच द्रावण वापरतात, कारण एकाने राळ सुटते, दुसऱ्याने मीठ. नळाचं पाणी मात्र नको. ते स्वतःच क्षार घेऊन येतं. पाणी वापरलं तर सुकवणंही आलं. आयसीखाली ते तासन्तास दडून बसतं. ५०-६० अंशांची गरम हवा अर्धा तास तरी हवी. पाण्यात धुवायचा वॉटर सोल्युबल फ्लक्स ही वेगळी जात आहे. तो वापरलात तर धुणं ऐच्छिक नाही, त्याच दिवशी धुवायचा.

आयपीएऐवजी काय चालेल असं लोक विचारतात. सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा चिकट थर मागे राहतो. थिनर आणि ॲसिटोन राळ झटकन काढतात आणि त्याबरोबर कनेक्टरचं प्लॅस्टिक, डिस्प्लेची काच धरणारी फ्रेम, छापलेली अक्षरंही काढतात. पेट्रोल वापरणारे उस्ताद मी पाहिलेत. त्यांच्याशी वाद घालत नाही, फक्त लांब उभा राहतो. तसं आयपीएही काही साधं नाही. १२ अंशांनाच त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. आयर्न स्टँडवर गरम आणि शेजारी उघडी बाटली हे दृश्य दुकानात दिसता कामा नये. शिवाय रिले, बझर, बटणं आणि माइक यांच्यात राळ मिसळलेलं आयपीए शिरलं तर ते आतमध्ये वाळतं आणि बटण दाबलं जाऊनही लागत नाही.

सोल्डर काढायला आधी सोल्डर घाला

काकींच्या काट्यात आणखी एक भानगड होती. कनेक्टरचं प्लॅस्टिक बोर्डला टेकून बसलेलं, आणि अर्धा फ्लक्स त्याच्या खाली. तिथे कापड जात नाही, ब्रश जात नाही. कनेक्टर उतरवल्याशिवाय इलाज नव्हता. शिवाय लोडसेलची वायर रोज ओढली जाऊन एका पायाभोवती बारीक गोल चीर पडलेली दिसली. ही चीर ओळखीची असेल. जुना डबा टीव्ही बाजूने थोपटला की चित्र यायचं ना, ते थोपटणं अशा चिरेवरच चालायचं. जड किंवा तापणाऱ्या भागाच्या पायाभोवती सोल्डर थकतं, केसाएवढी वर्तुळाकार फट पडते, धक्का बसला की टोकं टेकतात. बाजारात याला सरसकट 'ड्राय' म्हणतात.

चीर पडलेल्या जोडावर नुसतं बिट टेकवून सोल्डर पुन्हा वितळवणं ही सर्वांत आवडती चूक. फटीच्या दोन्ही कडांवर ऑक्साइड चढलेलं असतं आणि जुन्या सोल्डरमधला फ्लक्स कधीच संपलेला असतो. गोळा वितळतो, गोल होतो, वरून छान दिसतो, आत पाय तसाच सुटा. जुनं काढायचं, ताजा फ्लक्स लावायचा, नवं भरायचं. त्याला पर्याय नाही.

काढताना मात्र उलटं वागावं लागतं. आजचे कारखान्यातले बोर्ड बहुतेक बिनशिशाचे, विशेषतः युरोपने १ जुलै २००६ पासून शिशावर बंदी घातल्यावर. त्यातलं कथील-चांदी-तांब्याचं मिश्रण २१७ ते २२० अंशांना वितळतं. आपल्या रिळातलं ६३-३७ कथील-शिसं १८३ अंशांना. जुन्या जोडावर फ्लक्स आणि थोडं नवं सोल्डर घातलं की मिश्रणाचा वितळणबिंदू खाली येतो, आणि मुख्य म्हणजे बिट आणि पाय यांच्यात वितळलेल्या धातूचा पूल तयार होतो. कोरडं बिट कोरड्या जोडाला एका बिंदूत टेकतं. तेवढ्यातून उष्णता जात नाही. घाला म्हणजे निघेल, हे शिकवताना नव्या पोरांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मग सकरने ओढायचं आणि उरलेलं विकने. विक म्हणजे तांब्याच्या तारांची वेणी. तिच्या फटींत वितळलेलं सोल्डर वातीत तेल चढावं तसं चढतं. वेणी काळवंडलेली असेल तर काहीही चढत नाही. दोष सोल्डरचा नसतो, वेणीवर फ्लक्स उरलेला नसतो. बोटभर फ्लक्स चोळा, तीच वेणी पिऊ लागते. विक पॅडवर ठेवायची, वर बिट ठेवायचं, थांबायचं, आणि दोन्ही एकत्र उचलायची. बिट आधी उचललं तर वेणी पॅडला चिकटते, आणि ओढली की पॅड उखडून हातात. पॅड म्हणजे साधारण ३५ मायक्रॉन जाडीचा तांब्याचा पापुद्रा, इपॉक्सीने चिकटवलेला. साध्या बोर्डचं इपॉक्सी १३०-१४० अंशांनंतर मऊ पडायला लागतं आणि आपण तिथे ३५० अंशांचं बिट टेकवतो. म्हणजे गरम असताना पॅड बोर्डवर फक्त रीतीपुरतं बसलेलं असतं. दाबायचं नाही, उचकटायचं नाही. पाय सुटत नसेल तर जोर वाढवू नका, उष्णता वाढवा.

ग्राउंडचा पाय हा नेहमीचा छळ. तो आतल्या रुंद तांब्याला जोडलेला असतो आणि तांबं उष्णता पळवण्यात पटाईत. तुम्ही तीन सेकंद बिट धरता, तेवढ्यात सगळी ऊर्जा अर्ध्या बोर्डभर पसरते. लोक मग आयर्न ४५० वर नेतात. बिट काळं पडतं, फ्लक्स क्षणात जळतो, जोड तसाच. त्यापेक्षा रुंद बिट घ्या आणि खालून हॉट गनने बोर्ड शंभर अंशांपर्यंत उबदार करा. मग ३५० पुरतं.

नवा जोड देताना बिट पॅड आणि पाय दोघांना एकदम टेकलं पाहिजे, आणि सोल्डर बिटाला न लावता त्यांना लावलं पाहिजे. बिटावर गोळा घेऊन जोडावर थापला तर वाटेतच फ्लक्सचा धूर होऊन जातो. तो वर जाणारा धूर म्हणजे तुमचा फ्लक्स. दोन-तीन सेकंदांत सोल्डर पायाच्या अंगाने वर चढून टेकडीच्या उतारासारखं आत वळलं की झालं. जास्त वेळ शिजवू नका. सोल्डर चिकटतं ते कथील आणि तांबं यांच्यात एक-दोन मायक्रॉनचा संयुगाचा थर बनतो म्हणून. तो थर कडक पण ठिसूळ असतो आणि जेवढं तापवाल तेवढा जाडावतो. चमकेवरून मात्र निकाल देऊ नका. शिशाचा चांगला जोड चमकतो, बिनशिशाचा चांगला जोडही थोडा मळकटच दिसतो. कडा पॅडवर पातळ होत विरल्यात की दवबिंदूसारख्या उचलून बसल्यात, ते पाहा.

धुराबद्दल एक गैरसमज आहे. त्यात शिशाची वाफ नसते; शिसं १७०० अंशांच्याही वर उकळतं. धूर राळेचा असतो, आणि रोज नाकात गेला तर त्याने दमा जडू शकतो. शिसं जातं ते बोटांवाटे पोटात. आमच्याकडे वडापाव आला की आधी साबण, मग पुडी.

काकींच्या काट्याला नवा कनेक्टर बसवला, खालची आणि वरची बाजू कापडाने तीन-तीनदा टिपली, पाणी-आयपीएचा हात दिला, सुकवला. मग दुकानातली सर्वांत स्वस्त चाचणी. काटा सुरू करून शून्य धरू दिलं आणि कनेक्टरवर तोंडाची गरम वाफ सोडली, चष्मा पुसताना सोडतो तशी. काकी दुसऱ्यांदा आल्या तेव्हा ह्याच फुंकरीने आकडा दोनशे ग्रॅमच्या वर उडाला होता आणि हळूहळू खाली आला होता. आता शून्य हललं नाही. पुन्हा सोडली. शून्य. रात्रभर मोरीच्या खिडकीत चालू ठेवला, बाहेर धो धो. सकाळी शून्य.

काकींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिक्क्याचे पैशे येगळे काय?"

वेगळेच असतात.